मासे वर जाईपर्यंत निलंबन पुढे ढकलणेबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
धरण व जलमार्ग देखभाल विभाग,
मुख्य इमारत, दुसरा मजला.

अर्जदार : मत्स्यगणक (कनिष्ठ श्रेणी), माशांचा जिना, उजवा काठ.

विषय : अर्जदारास निलंबन मान्य असून ते फक्त मासे वर जाईपर्यंत पुढे ढकलणेबाबत.

संदर्भ : १) आपली कारणे दाखवा नोटीस, माशांची संख्या जास्त भरल्याबाबत.
२) आपला कालच्या तारखेचा निलंबन आदेश.
३) अर्जदाराची यापूर्वीची तीन पत्रे, जी कार्यालयास पोहोचली आहेत परंतु सापडत नाहीत.

महोदय,

संदर्भ क्रमांक दोनचा आदेश अर्जदारास काल दुपारी मिळाला. तिने तो दोनदा वाचला आणि रीतसर पोच दिली. आदेशाबद्दल तिची तक्रार नाही, तक्रार आहे ती त्यातल्या तारखेबद्दल. ती का, हे साहेबांच्या ध्यानात यावे म्हणून सर्व हकीकत पहिल्यापासून सादर करीत आहे. हा अर्ज मोजणीच्या काचेशी बसून लिहिला जात असल्यामुळे मध्ये मध्ये हात थांबवावा लागतो. एखादे वाक्य तुटक वाटल्यास तेवढ्यात मासा गेला असे कृपया समजावे.

१. धरणाच्या उजव्या काठाला माशांसाठी जिना आहे. एकावर एक चढत गेलेल्या एकेचाळीस टाक्या, प्रत्येकीतून खालच्या टाकीत पडणारे पाणी. समुद्राकडून अंडी घालायला वर निघालेला मासा त्या पाण्यावरून उडी मारतो, वरच्या टाकीत दम खातो आणि पुन्हा उडी मारतो. एवढी भिंत ओलांडायचा त्याला दुसरा मार्ग नाही. तेविसाव्या टाकीला बाजूने काच बसवली असून काचेपलीकडे जमिनीखाली आठ बाय दहाची एक ओलसर खोली आहे. टेबल, नोंदवही, आणि बोटाने दाबायचे मोजणीयंत्र. मासा काचेसमोरून वर गेला की एकदा दाबायचे. अर्जदार हे काम अकरा वर्षे करीत आहे. कार्यालयात तिला सगळे मासेबाई म्हणतात, काही जण तोंडावर.

२. पहिल्या दहा वर्षांत अर्जदाराने एकूण सात मासे, दोन कासवे आणि डाव्या पायाची एक चप्पल मोजली. चप्पल वर गेली नव्हती, खाली आली होती. नमुन्यात खाली येणाऱ्यांचा रकाना नसल्याने ती शेऱ्यात घ्यावी लागली. या कामगिरीवर कार्यालय अतिशय खूश होते. तिसऱ्या वर्षी नीटनेटक्या नोंदवहीबद्दल अर्जदारास प्रशस्तिपत्र मिळाले. तपासणीत दरवर्षी "खाडाखोड नाही" असा शेरा पडत गेला. खाडाखोड करायला वहीत काही नव्हतेच, हे अर्जदाराने त्या वेळी कुणाच्या नजरेस आणून दिले नाही. ही तिची पहिली चूक, आणि ती तिला मान्य आहे.

३. मासे नदीत नव्हते असे मात्र नाही. दुपारच्या सुट्टीत अर्जदार डबा घेऊन धरणावरच्या पुलावर जात असे. तिथून खाली पाहिले की डाव्या काठाला, वीजघराच्या तोंडाशी, पाणी रुपेरी दिसायचे. शेकडो मासे सिमेंटच्या भिंतीला नाक लावून उभे असत. मासा जोराच्या प्रवाहाकडे जातो, कारण पुढची वाट तिकडे असते असे त्याला जन्मापासून वाटत आलेले आहे. सगळा जोर वीजघरातून सुटणाऱ्या पाण्याला. आमच्या जिन्याच्या तोंडाशी नळ गळावा इतपत धार. जिना आहे हे त्यांना कळणार कसे? ते तिथेच धडका देत राहायचे. महिनाभराने अंगावर जखमा घेऊन उलटे जायचे, किंवा जायचेही नाहीत. अर्जदार डबा तसाच घेऊन परत यायची आणि वहीत शून्य लिहायची.

४. याबाबत अर्जदाराने तीन पत्रे पाठवली. पहिल्याला उत्तर आले की सदर मासे डाव्या काठाला असल्याने ते वीज विभागाच्या हद्दीत मोडतात. दुसऱ्याला उत्तर आले नाही. तिसऱ्या पत्रावर मात्र कार्यवाही झाली. त्यात "माशांना मार्ग सापडत नाही" असे वाक्य होते, त्यावरून कार्यालयाने दिशादर्शक फलक मंजूर केला. फलक रंगवणारा आला. शिडीवर चढून त्याने विचारले, "बाई, पाण्याकडे तोंड करू का रस्त्याकडे?"  अर्जदाराने मुख्य लिपिकांना फोन करून विचारले, तर ते म्हणाले, "रस्त्याकडेच करा. पाण्याकडून पाहणी कोण करणार?" तो फलक, "मासे : वर जाण्याचा मार्ग", बाणासह आजही रस्त्याकडे तोंड करून उभा आहे. त्याला दोनदा नवा रंग दिलेला आहे.

५. इथे घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे, साहेबांनी राग मानू नये. अर्जदाराचा थोरला भाऊ धरणाच्या वरच्या अंगाला, बसने दोन तासांवर, नदीकाठी राहतो. आमच्या वडिलांचा धंदा मासेमारीचा, त्याचाही तोच. धरण झाल्यावर मासा वर येईना. जाळी विणणारे त्याचे हात आता शाळांच्या मैदानांसाठी फुटबॉलच्या गोलाची जाळी विणतात. बहिणीला नेमकी माशांच्या दारात सरकारी नोकरी लागली, तेव्हा त्याने अख्ख्या गल्लीत सांगितले होते की आता काळजी नाही, आपले माणूस तिथे बसले आहे. मग एक वर्ष गेले, दोन गेली. तो फोनवर विचारायचा, "काय गं, अजून दार उघडलं नाहीस?" अर्जदार सांगायची, "दादा, माझ्याकडे दार नाही रे, नुसती खिडकी आहे." तो म्हणायचा, "मग खिडकी तरी उघड." ती काच उघडत नाही आणि उघडली तर बाई बुडेल, हे त्याला पटवून देता आले नाही. चार वर्षांपूर्वी त्याने फोन करणेच बंद केले. बहीण खुर्चीवर बसून मासे अडवते, असा त्याचा समज झाला. वहिनी तेवढी चोरून फोन करायची. "वन्सं, त्यांना सांगू नका मी सांगितलं म्हणून, पण मोसम आला की अजून रोज सकाळी नदीवर जाऊन बघतात हो."

६. आता मुख्य मुद्दा. जिन्याच्या तोंडाशी भिंतीत एक जाड नळ आहे. तो उघडला की वरचे पाणी थेट जिन्याच्या पहिल्या पायरीशी कोसळते. जिना बांधणाऱ्यांनी तो याचसाठी ठेवला असावा, म्हणजे प्रवाहाचा आवाज ऐकून मासा इकडे वळेल. परंतु पाणीबचतीच्या परिपत्रकात त्याची नोंद "गळती" अशी झाली, आणि त्याची झडप पहिल्याच वर्षी घट्ट बंद करण्यात आली. गेल्या महिन्यात झडपवाले काका तिला वंगण देत असताना आतले जुने रबर तुटले आणि पाणी धो धो सुटले. काका ओरडत वरच्या खोलीकडे अवजारे आणायला धावले. नवे रबर मिळायला दीड दिवस लागला.

त्याच दिवशी दुपारी दोनच्या सुमारास काचेसमोर अंधारले. अर्जदाराला वाटले वरून फांदी आली. फांदीला डोळा होता. हातभर लांबीचा रुपेरी मासा, नाकावर जुनी जखम, काचेला अंग घासत थांबला, कल्ले दोनदा हलवले आणि उसळी मारून वर गेला. त्याच्यामागे दुसरा. मग तिसरा. अर्जदार यंत्र हातात धरून नुसती बघत राहिली. पहिले तीन मासे त्यामुळे मोजायचे राहिले, ही तिची दुसरी चूक. तिने ते नंतर भरून घेतले आहेत. संध्याकाळपर्यंत दोनशे बारा झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी रबर बसले, झडप बंद झाली, आणि काचेत पुन्हा नुसते हिरवे पाणी.

७. अर्जदाराने झडप उघडण्याची परवानगी मागितली. त्यासाठीच्या नमुन्यात कारणाचे तीनच पर्याय आहेत : पूर, दुरुस्ती, पाहणी. मासे हा पर्याय नाही. मुख्य लिपिकांनी अर्ज परत केला आणि म्हणाले, "बाई, छापलेल्या कागदाबाहेर मला जाता येत नाही. तुम्ही एक काही तरी निवडा." अर्जदाराने "पाहणी" निवडले आणि परवानगी मिळाली. त्यावर पाहणीचा कालावधी लिहायची जागा नव्हती. अर्जदार आणि काकांनी मिळून अहवाल पाठवेपर्यंत नऊ दिवस पाहणी केली, आणि झडप आजही उघडीच आहे. यात खोटे काही नाही, दोघांनी डोळ्याची पापणी लवू न देता पाहिले. आदेशात "विनापरवाना" हा शब्द आहे, तो कोणत्या कागदाच्या आधारे घातला हे कळल्यास बरे होईल. "पाणी वाया घालवले" असेही म्हटले आहे. ते पाणी नदीचे होते आणि नदीतच गेले, फक्त उजव्या बाजूने.

पहिल्या दिवशी डाव्या काठाचे मासे बावचळले. अर्धे इकडे यायचे, पुन्हा वीजघराकडे जायचे. तिसऱ्या दिवसापासून रांग लागली. चौथ्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला. ती ओरडून बोलत होती. "वन्सं! हे घरी यायलाच तयार नाहीत! गुडघाभर पाण्यात उभे आहेत आणि मोजताहेत!" अर्जदाराने विचारले, जाळे टाकले का. वहिनी म्हणाली, "छे! म्हणतात, बारा वर्षांनी आलेत, यंदा कुणी हात लावायचा नाही. शेजाऱ्यांनाही दम दिलाय." मग फोन दादाने घेतला. मागे पाण्याचा आवाज येत होता. तो म्हणाला, "तीनशे चाळीसपर्यंत मोजले. पुढे ऊन डोळ्यावर आलं." त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेले होते, हे अर्जदार केवळ नोंदीच्या अचूकतेसाठी नमूद करते. थोड्या वेळाने तो म्हणाला, "जेवलीस का?" चार वर्षांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. अर्जदार जेवली नव्हती, तरी हो म्हणाली.

८. नऊ दिवसांचा आकडा चार हजार तीनशे बारा भरला. अर्जदाराने तो नेहमीप्रमाणे अहवालात लिहून पाठवला. दहा वर्षांत सात माशांवर कुणी काही विचारले नव्हते. या आकड्यावर मात्र तीन दिवसांत कारणे दाखवा नोटीस आली. मुख्य लिपिक स्वतः खाली आले आणि मायेने म्हणाले, "मासेबाई, शेवटचे दोन आकडे उडवा. त्रेचाळीस राहतील. त्रेचाळीस कुणाच्या डोळ्यावर येणार नाहीत." अर्जदाराने विचारले की कोणते चार हजार दोनशे एकोणसत्तर मासे उडवायचे ते त्यांनी दाखवावे. ते काचेकडे न बघताच निघून गेले.

नोटिशीत अशीही शंका आहे की तेच मासे फिरून फिरून मोजले गेले असावेत. अर्जदाराचे म्हणणे असे की एकेचाळीस टाक्या चढलेला मासा पुन्हा खाली उतरून पहिल्यापासून सुरुवात करील, याला काहीही कारण दिसत नाही. तसे करणारे प्राणी वेगळे, त्यांना तीन पत्रे पाठवावी लागतात.

९. काल साहेब प्रत्यक्ष पाहणीस आले. आपण दारातून वाकून आत आलात, बूट ओले होतील म्हणून एका पायावर उभे राहिलात आणि म्हणालात, "कुठे काय आहे? काहीच दिसत नाही." अर्जदार उत्तर देणार तेवढ्यात मासा आला. त्यानंतरचे साहेबांना आठवत असेलच, तरी नोंदीसाठी लिहिते. आपण "अरे!" असे म्हणालात. मग "हा बघा, हा बघा, मागे अजून एक!" मग दोन्ही पाय पाण्यात ठेवून काचेवर बोट टेकवून मोजू लागलात. मुख्य लिपिक "साहेब, गाडी थांबली आहे" असे तीनदा म्हणाले, आपण हात मागे करून त्यांना गप्प केलेत. आपण सतरा मासे मोजलेत. अर्जदाराच्या यंत्रावरही त्या वेळात सतराच झाले.

त्यानंतर साहेबांना खिशातला आदेश आठवला. तो टंकलिखित होता आणि पाहणीच्या आधीच तयार होता. आपण तो बाहेर काढलात, "माझा नाइलाज आहे हो बाई" म्हणालात आणि सही केलीत. पेन अर्जदाराचे होते.

१०. आदेशानुसार आज सायंकाळी पाच वाजता अर्जदाराने खोलीची किल्ली द्यायची आहे आणि झडपेला मोहोर लावायची आहे. माशांचे येणे-जाणे हा विषय आवक-जावक शाखेकडे येतो असे ठरल्यामुळे अर्जदाराच्या जागी आवक-जावक लिपिकांना नेमले आहे. ते आज सकाळी दहा वाजता काखेत दोन नोंदवह्या घेऊन, भिंतीला धरून धरून खाली उतरले. त्यांना पाण्याची भीती वाटते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बाई, हे मासे आवकमध्ये घ्यायचे का जावकमध्ये? खालून बघितलं तर जावक आहेत, पण वरच्यांच्या दृष्टीने आवक." अर्जदार म्हणाली, आधी बघा तरी.

अकरा वाजता त्यांच्या हातात यंत्र होते. एक वाजता त्यांनी काचेवरची नजर न काढता डबा खाल्ला, काय खाल्ले ते त्यांना सांगता आले नाही. दीडच्या सुमारास फाटक्या शेपटीचा एक मासा आला. तो चार वेळा उसळला आणि चार वेळा खाली पडला. लिपिक खुर्चीवरून उठले. "चल, चल! अजून एकदा! अरे, जरा डावीकडून घे!" पाचव्या उडीला तो गेला. आनंदाच्या भरात लिपिकांनी यंत्र दोनदा दाबले. अर्जदाराने एक वजा करून घेतला आहे. मग ते म्हणाले, "बाई, किल्ली आज नको. मी लिहून देतो की मागितली होती, पण तुम्ही कामात होतात." त्यांचे लेखी म्हणणे सोबत जोडले आहे. त्यात त्यांनी मासे कोणत्याच वहीत न चढवता पेन्सिलीने वेगळ्या कागदावर लिहिल्याचे कबूल केले आहे.

११. झडपवाले काकांविषयी. आदेशात त्यांचे नाव नाही, याचा त्यांना फार राग आला आहे. निवृत्तीला दोन महिने उरले असताना अर्जदाराने त्यांना यातून बाहेर ठेवायचे ठरवले होते. परंतु ते ऐकत नाहीत. "बाईंच्या मनगटात तेवढा जोर आहे का? चाक मी फिरवलंय, माझं नाव लावा," असे म्हणून त्यांनी स्वतःचा कबुलीजबाब आणून दिला आहे. अर्जदाराची विनंती आहे की तो वाचावा, पण त्यावर काही करू नये. चाक त्यांनी फिरवले असले तरी फिरवा असे अर्जदाराने सांगितले होते.

१२. दादाच्या अनुभवाप्रमाणे मोसम अजून बारा दिवस आहे. यंदा ज्यांना वर जाता आले नाही त्यांची अंडी पोटातच राहतील. पुढच्या वर्षी तेच मासे येतील अशी खात्री देता येत नाही. आत्ता, दुपारी साडेतीनला, जिन्याच्या खालच्या टाक्यांत मासे दाटलेले आहेत आणि तोंडाशी त्याहून जास्त उभे आहेत. पाच वाजता पाणी थांबले तर मधल्या टाक्यांतल्यांना वरही जाता येणार नाही आणि वळायलाही जागा नाही. त्यांना आदेश बजावण्याची सोय अर्जदाराकडे नाही.

तरी विनंती की,

(अ) निलंबनाची तारीख बदलून ती सलग तीन दिवस एकही मासा न आल्यानंतरची करावी. त्यानंतर अर्जदार स्वतः किल्ली घेऊन दुसऱ्या मजल्यावर येईल, न्यायला माणूस पाठवू नये.

(आ) तोवर झडप उघडी राहू द्यावी.

(इ) चार हजार तीनशे बारा आणि कालपर्यंतचे पुढचे, हा आकडा खोटा ठरवायचा असल्यास त्यातून साहेबांचे सतरा आधी साहेबांच्या सहीने वजा करावेत. बाकीच्यांचे अर्जदार बघून घेईल.

अर्जदाराला नोकरीची चाड आहे. ओलसर खोलीत गुडघे धरतात, तरी तिला दुसरीकडे बदली नको आहे. दहा वर्षे तिने शून्य लिहिले तेव्हा कुणी तिला कामावरून काढले नाही. आता खरोखर मोजण्याजोगे काही आले आहे, तेवढे मोजून होऊ द्यावे.

आपली आज्ञाधारक, आणि पाच वाजेपर्यंत तरी काचेशीच असलेली,

(सही)
मत्स्यगणक, कनिष्ठ श्रेणी

दिनांक : आदेश लागू होण्याचाच दिवस, दुपारी ३.४०

सोबत :
१) नोंदवहीची नक्कल, पाने चौदा. पान नऊ पाण्याने ओले झाले आहे, आकडे वाचता येतात.
२) थोरल्या भावाची मोजणी, गोलाच्या जाळ्यांच्या मागणीपत्रामागे लिहिलेली.
३) झडपवाले काकांचा कबुलीजबाब, त्यांच्या आग्रहास्तव.
४) आवक-जावक लिपिक यांचे म्हणणे, पेन्सिलीने.

कार्यालयीन शेरा (समासात, हस्ताक्षरात) :

४.२५ वा. मिळाला. आदेशातील तारीख चुकीची पडली होती, दुरुस्त करून (अ) प्रमाणे वाचावी. झडपेबाबत वर प्रस्ताव पाठवीत आहे, उत्तर येईपर्यंत आहे तशी राहू द्यावी. आवक-जावक लिपिकांनी उद्यापासून आपल्या शाखेत हजर व्हावे, हे त्यांना कुणीतरी समजावून सांगावे. काकांचा कागद वाचला, परत दिला. (इ) ची गरज नाही. आकडा बरोबर आहे. शनिवारी सकाळी मी पुन्हा येत आहे. घरची मंडळी सोबत असतील.